‘वैमानिकाची चूक’ म्हणजे नेमकं काय?

भंडाऱ्याहून नागपूर साधारण साठ किलोमीटर. वर दिसणाऱ्या प्रत्येक विमानाला खालून कुणीतरी सांगितलेलं असतं, अमुक उंचीवर राहा. ती उंची मोडली तर काय होतं, हे १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर दिसलं. दिल्लीहून निघालेलं सौदी बोइंग ७४७ चौदा हजार फुटांवर होतं. समोरून दिल्लीला येणाऱ्या कझाक इल्युशिन-७६ ला पंधरा हजारांवर राहायचं होतं. ते त्याच्या खाली आलं. ३४९ माणसं गेली, एकही वाचलं नाही.

न्यायमूर्ती लाहोटी आयोगानं मुख्य ठपका कझाक वैमानिकांवर ठेवला. निष्कर्षाशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते आपण तो कसा वापरतो याच्याशी. माझ्या पहिल्या आराखड्यात मीही लिहिलं होतं, ‘कारण : वैमानिकाची चूक’. मार्गदर्शकांनी समासात एकच शब्द लिहिला, ‘म्हणजे?’ आठवडाभर रागात होतो, खोटं कशाला बोलू.

आता तुम्हीच बघा. त्या विमानात नियंत्रकाशी बोलायला वेगळा रेडिओ ऑपरेटर होता. उंची दाखवणारं यंत्र त्याच्यासमोर नव्हतं, वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून बघावं लागे. म्हणजे सूचना ऐकणारा एक, विमान चालवणारा दुसरा. नियंत्रकानं समोरच्या विमानाची उंचीही सांगितली होती. तो आकडा यांनी स्वतःसाठीच समजला का? हा अंदाज आहे, सिद्ध गोष्ट नव्हे. आराखड्यात लिहाल तर तसंच लिहा. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमान कुठे आहे ते दिसे, किती उंचीवर आहे ते दिसत नसे. नियंत्रकाला कळणारी उंची म्हणजे वैमानिकानं सांगितलेली उंची. त्यात येणारी आणि जाणारी विमानं एकाच मार्गानं. पुढे मार्ग वेगळे झाले, धडकेचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली. चूक फक्त माणसाची असती तर हे बदल कशासाठी केले?

बरं, ‘सूचना पाळली नाही’ हीच चुकीची व्याख्या धरली तर १ जुलै २००२ चं काय कराल? जर्मनीत युबरलिंगेनवर रशियन विमानाला यंत्र सांगत होतं वर जा, नियंत्रक म्हणाला खाली या. वैमानिकांनी नियंत्रकाचं ऐकलं. ७१ जण गेले. तुमच्या व्याख्येत या वैमानिकांची नोंद ‘बरोबर’ अशी होईल.

आकड्यांचंही तेच. अमेरिकेत नासा १९७६ पासून वैमानिकांकडून स्वेच्छेनं अहवाल घेते. उंची चुकल्याचे त्यात भरपूर. पण लिहितो तो, ज्याच्या लक्षात आलं. ज्याच्या लक्षातच आलं नाही त्याची नोंद कुठून येणार? आणि एकूण किती सूचना दिल्या गेल्या हा छेद नसेल तर टक्केवारी काढू नका. काढलेली दिसली तर तिथेच पेन्सिल थांबवा.

हे फक्त विमानांचं आहे असं समजू नका. आपल्या धानपट्ट्यातल्या फवारणीच्या विषबाधेवर काम करणाऱ्या मैत्रिणीच्या आराखड्यात ‘शेतकऱ्याचा निष्काळजीपणा’ असा रकाना होता. परवा फोनवर तिला विचारलं, हातमोजे गावात मिळतात का? ती म्हणाली, हे विचारलंच नाही ना बे.

माझ्या आराखड्यात आता त्या एका ओळीच्या जागी चार रकाने आहेत : काय सांगितलं, काय ऐकलं, काय परत म्हटलं, काय केलं. तिसरा भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतोय.