‘मॅग्नस’ : अंतःप्रेरणेची कथा आणि पटावरचा पुरावा

नॉर्वेचे दिग्दर्शक बेंजामिन री यांचा ‘मॅग्नस’ (२०१६) हा माहितीपट मी तीनदा पाहिला. पहिल्यांदा नुसता पाहिला, दुसऱ्यांदा वही घेऊन बसलो आणि तिसऱ्यांदा शेजारी पट मांडून चेन्नईचे डाव लावत पाहिला. तिसऱ्या वेळी माझे मत बदलले. ते का बदलले, हे येथे मांडतो.

चित्रपट चांगला आहे, हे आधीच सांगितले पाहिजे. मॅग्नस कार्लसनच्या लहानपणीचे घरगुती चित्रण दिग्दर्शकाला मिळाले आणि त्याने ते जपून वापरले आहे. शाळेत एकटा पडणारा, इतर मुलांच्या त्रासाला सामोरा जाणारा मुलगा आपल्याला दिसतो. २००४ मध्ये रेक्याविक येथे तेरा वर्षांचा मॅग्नस गॅरी कास्पारोव्हसमोर बसतो. कास्पारोव्ह डोके धरून विचार करतो आहे आणि हा मुलगा उठून इतरांचे पट पाहत फिरतो आहे, हे दृश्य विसरता येत नाही. तो डाव बरोबरीत सुटला; पुढचा डाव मुलगा हरला. त्यानंतर हार्वर्डमध्ये डोळ्यांवर पट्टी बांधून एकाच वेळी दहा जणांशी केलेला खेळ, २०१३ ची लंडनमधील आव्हानवीरांची स्पर्धा आणि शेवटी त्याच वर्षीची चेन्नई.

माझा आक्षेप या शेवटच्या भागाला आहे. विश्वनाथन आनंद म्हणजे संगणक, सहाय्यकांचा ताफा आणि पाठ केलेल्या चाली. मॅग्नस म्हणजे निव्वळ अंतःप्रेरणा, अशी ही मांडणी आहे. कथा म्हणून ती सोयीची आहे. पुराव्याला ती टिकत नाही.

पहिला पुरावा सहाय्यकांचा. सामन्यापूर्वीच्या पत्रकार परिषदेत आनंदने आपल्या मदतनिसांची नावे उघडपणे सांगितली : कृष्णन शशिकिरण, संदीपन चंदा, राडोस्लाव वोयताशेक आणि पीटर लेको. कार्लसनने या मोकळेपणाचे कौतुक केले, पण आपली नावे सांगायचे टाळले. यॉन लुडविग हॅमर हा नॉर्वेचा ग्रँडमास्टर त्याच्यासाठी काम करत होता, हे सामना संपल्यावर कळले. म्हणजे मदत दोघांनाही होती. फरक ती सांगण्यात होता. आणि ज्याने ती सांगितली, तोच चित्रपटात यंत्राच्या बाजूला जाऊन बसला.

दुसरा पुरावा पटाचा. पहिले चार डाव बरोबरीत सुटले. पाचवा डाव कार्लसनने ५८ चालींत जिंकला, सहावा ६७ चालींत. दोन्ही डावांचा निकाल हत्ती आणि प्यादी एवढेच उरल्यावर लागला. त्या अवस्थेत चमक कमी आणि चिकाटी जास्त लागते. समोरचा दमेपर्यंत बारीकसारीक अडचणी उभ्या करत राहायचे, हे कार्लसनचे बळ होते. त्याला अंतःप्रेरणा म्हणता येईल. पण मग तासन्‌तास खुर्चीत बसण्याच्या कष्टालाही तेच नाव द्यावे लागेल.

नववा डाव तर या मांडणीच्या अगदी उलट आहे. दोन डावांनी मागे असलेल्या आनंदने राजावर थेट हल्ला चढवला. कार्लसनने दुसऱ्या बाजूने प्यादे पुढे रेटून २७ व्या चालीला त्याचा वजीर केला आणि शह दिला. शह अडवण्यासाठी आनंदने उंटाऐवजी घोडा मधे आणला. वजिराची पुढची एकच चाल त्याच्या नजरेतून निसटली आणि डाव तेथेच संपला. उंट आणला असता, तर खेळ चालू राहिला असता. चित्रपट ज्याला यंत्रासारखा दाखवतो, त्याने सगळे पणाला लावले आणि तो माणसासारखा चुकला. दहावा डाव बरोबरीत सुटून ६॥–३॥ असा सामना संपला.

भारतीय प्रेक्षकाला आणखी एक गोष्ट खटकते. आनंद चेन्नईतच वाढला. तरुणपणी तो इतक्या झपाट्याने खेळे की, अंतःप्रेरणेचा खेळाडू म्हणून जगात त्याचेच नाव होते. १९८७ मध्ये तो कनिष्ठ जगज्जेता झाला, १९८८ मध्ये भारताचा पहिला ग्रँडमास्टर. त्याची आई सुशीला ही त्याची पहिली शिक्षिका. चेन्नईत समोरासमोर बसलेले दोघेही एकेकाळचे विलक्षण बालक होते. फक्त एकाचे वय ४३ होते आणि दुसऱ्याचे २२. ही गोष्ट कितीतरी मोठी झाली असती.

मॅग्नसच्या बाबतीतही तेच. सिमेन आग्देस्टाइनसारखा गुरू होता. २००३ मध्ये आईवडिलांनी घर भाड्याने दिले, मुलांना शाळेतून काढले आणि सगळे कुटुंब युरोपभर फिरले. त्या काळात मुलगा स्पर्धा खेळत होता. ही किंमत ‘जन्मजात’ या शब्दात मावत नाही.

हे मी थोडे जोर देऊन लिहितो, कारण माझाही यात संबंध आहे. मी पदवीपर्यंत पोचलो नाही. माझा परिचय करून देताना लोक ‘स्वयंशिक्षित’ म्हणतात आणि मला बरे वाटते. पण आमच्या वाचनालयातले ग्रंथपाल नोंदवहीत न लिहिता मला एकेक पुस्तक जास्त देत. मामांनी वर्तमानपत्रातले डाव पटावर लावून वाचायला शिकवले. मी कात्रणे चिकटवत बसे, तेव्हा घरातले एक मिळवते माणूस माझ्या वाटचे काम करत होते. कितीतरी वर्षे मी हे कोणाला सांगितले नाही. ‘स्वतःच शिकलो’ म्हणणे जास्त शोभून दिसे.

म्हणून चेन्नईच्या पत्रकार परिषदेतील ती चार नावे मला त्या सामन्यातल्या कोणत्याही चालीइतकी महत्त्वाची वाटतात. आनंद सामना हरला. मात्र आपण एकट्याने येथवर आलो नाही, हे त्याने खेळ सुरू होण्याआधीच सांगून टाकले होते. ‘मॅग्नस’ जरूर पाहावा. पण शेजारी पट मांडून पाहावा.