'महिकावतीची बखर' का वाचावी?

मघाशी एकांनी विचारलं, "सर, मध्ययुगातल्या स्वारीवरचं, पण वाचवेल असं एखादं इतिहासाचं पुस्तक सांगा." मी 'महिकावतीची बखर' सांगेन. वि. का. राजवाड्यांनी ती १९२४ साली दीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध केली. राजवाडे जन्माने आपल्या पेण तालुक्यातल्या वरसईचे. पेण-रोह्याच्या माणसांनी तरी ती वाचलेली असावी.

बखर उत्तर कोकणची. बिंब राजा येऊन माहीमला राज्य स्थापतो, पुढे नागरशाचं घराणं येतं, आणि १४व्या शतकात दिल्लीच्या सुलतानाची फौज. सनावळ्यांत गुंता आहे, त्या तपासल्याशिवाय मानू नका. जुनी भाषाही अडते, म्हणून आधी प्रस्तावना वाचा. ती वाचताना कंटाळा येणार नाही, कारण राजवाडे समोर बसून भांडल्यासारखं लिहितात.

त्यांचा प्रश्न मोठा आहे: राजे बदलले तरी सामान्य माणूस हलला का नाही? त्यांचं उत्तर असं की आपल्या भूमीत अन्न मुबलक, गाव आपलं आपण भागवणारं, म्हणून लोक राज्यसंस्थेविषयी उदासीन.

इथे मला एक पायरी गाळल्यासारखी वाटते. पोट भरलेला माणूस उदासीनच असतो, हे कशावरून? खुद्द बखरच उलट साक्ष देते. राज्य गेल्यानंतर, १४४८च्या सुमारास, मालाडचा देसला नायकोराव लोकांना जमवतो आणि केशवाचार्य 'महाराष्ट्रधर्म' सांगतात. आपण कोण, आपले कुळाचार काय, हे लिहून ठेवणारी माणसं उदासीन कशी म्हणायची? तलवार न उचलणं वेगळं आणि पर्वा नसणं वेगळं.

आता आपल्या दाराशी या. सप्टेंबर २००८मध्ये पेणच्या २२ गावांत सेझसाठी जमीन द्यायची की नाही, यावर मतदान झालं. ही हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली गावं. अन्न पिकवणारी जमीन होती, म्हणूनच ती कोणाच्या हाती जाणार याची लोकांना काळजी होती. राजवाड्यांच्या कार्यकारणाची इथे उलटी बाजू दिसते.

मग ही प्रस्तावना वाचायची कशाला? कारण कोण जिंकलं एवढ्यावर न थांबता, जिंकले गेलेल्यांचं काय झालं, हे ती विचारते. "राज्य कोणाचंही येवो, आपल्याला काय?" हे वाक्य आपण आजही चहाच्या टपरीवर ऐकतो. पुढच्या वेळी ऐकाल तेव्हा प्रस्तावना आठवा, आणि तिचं उत्तर बखरीतच शोधा.