आठवणींतून घडलेलं संगीत

२०२३ साली हिप-हॉपची पन्नाशी अमेरिकेत थाटात साजरी झाली. या संगीतावर बोलताना एक सूर वारंवार लागतो: नव्वदचं दशक हेच सुवर्णयुग, पुढचा सगळा उतार. ज्यांच्या तारुण्यात ती गाणी वाजली, त्यांना ती जिवाभावाची वाटणारच. पण या हळहळीत मुख्य गोष्ट निसटते. हिप-हॉप जन्मापासूनच आठवणींतून घडत आलं आहे.

११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, १५२०, सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीत सिंडी कॅम्पबेलने पार्टी ठेवली होती. रेकॉर्ड वाजवायला तिचा भाऊ होता, जमैकातून आलेला क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा, 'ब्रेक', सुरू झाला की नाचणाऱ्यांना चेव येतो, हे त्याने हेरलं. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावून तो तुकडा तो लांबवत नेऊ लागला. घरातल्या थोरांनी ऐकलेली फंक आणि सोलची गाणी पोरांच्या हाती वाद्य बनून आली.

पुढे सॅम्पलिंगने, म्हणजे जुन्या रेकॉर्डमधला तुकडा उचलून नव्या गाण्यात गुंफण्याने, हीच रीत स्टुडिओत नेली. पीट रॉक आणि सी. एल. स्मूथ यांचं १९९२ सालचं 'दे रेमिनिस ओव्हर यू' हे अकाली गेलेल्या ट्रॉय डिक्सन या मित्राच्या आठवणीत केलेलं गाणं. त्याच्या गाभ्याशी टॉम स्कॉटच्या साठच्या दशकातल्या रेकॉर्डमधला सॅक्सोफोन आहे, आणि कडव्यांत स्मूथच्या घरची माणसं. शोक एकाचा, पण ऐकणारा प्रत्येक जण त्यात आपलं घर शोधतो. जे डिला या निर्मात्याने आजारपणात सिद्ध केलेला 'डोनट्स' हा अल्बम ७ फेब्रुवारी २००६ रोजी, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी आला. तीन दिवसांनी तो गेला. जुन्या गाण्यांचे कापलेले, जोडलेले ते तुकडे आज निरोपासारखे ऐकू येतात.

या स्मरणशक्तीवर घाव पडला तो न्यायालयात. १९९१ मध्ये सॅम्पलच्या खटल्यात रॅपर बिझ मार्कीविरुद्ध निकाल लागला आणि परवानगीशिवाय सॅम्पल वापरणं धोक्याचं झालं. परवानगीचे दर परवडतील त्यालाच दाट कोलाज शक्य उरला. डे ला सोल या त्रिकुटाचा १९८९ सालचा पहिला अल्बम हा त्या मोकळ्या काळाचा उत्तम नमुना. सॅम्पलच्या हक्कांचा गुंता आणि कंपनीशी वाद यांत अडकून तो स्ट्रीमिंगवर यायला मार्च २०२३ उजाडला. त्रिकुटातला डेव्हिड जोलिकूर त्याच्या काही आठवडे आधीच वारला होता. एका पिढीचा ठेवा पुढच्या पिढीपासून इतकी वर्षं दूर राहावा, हे या कलेचं खरं नुकसान आहे. नव्या पोरांना जुन्याची कदर नाही असं म्हणणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं.

शिवाय हे संगीत फक्त तरुणांचं, हा समजही आता टिकत नाही. जे-झीने २०१७ मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, '४:४४' या अल्बममध्ये आपल्या संसारातली चूक आणि आईचं आयुष्य मांडलं. १९७३ मध्येच जन्मलेल्या नासला पहिला ग्रॅमी मिळाला तो २०२१ मध्ये, नव्या अल्बमसाठी. जुन्याच गाण्यांवर दौरे काढत राहणं त्यालाही सोपं होतं. पण आपल्या वयाला शोभेल असं नवं लिहिणं त्याने सोडलं नाही, आणि आजच्या हिप-हॉपमधली मोलाची घडामोड मला हीच वाटते.

सोहळे, पुनर्प्रकाशनं, टीशर्ट यांतून आठवण विकली जाते. त्यात गैर नाही, पण तेवढ्याने कला पुढे जात नाही. तुमचं आवडतं जुनं गाणं पुन्हा लावा, त्यात कोणाची रेकॉर्ड दडली आहे ते शोधा आणि तीही ऐका. मग आजच्या एखाद्या विशीतल्या रॅपरला तितक्याच आस्थेने वेळ द्या. या संगीतावरचं प्रेम जपायचं असेल, तर ही दोन्ही कामं करायला हवीत.