राज्यारोहणतिथीचे दीप : एका रूढ समजुतीचें परीक्षण

ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी जवळ आली कीं शिवराज्याभिषेकावरील लेखांना व व्याख्यानांना बहर येतो. 2024 सालीं त्या मंगल प्रसंगास 350 वर्षें पूर्ण झालीं, तेव्हांपासून तर हा बहर विशेषच आहे. त्यांत एक विधान वारंवार आढळतें : राजाच्या अभिषेकतिथीस प्रतिवर्षीं गडागडांवर दीप पेटवून एका शिखरावरून दुसऱ्या शिखरास आनंदाची वर्दी देण्याची आपली प्राचीन चाल होती. कोणी देवगिरीचा चांदमिनारही या मालिकेंत ओंवतात. विधान रम्य आहे. परंतु रम्यता हें प्रमाण नव्हे. म्हणून त्याची छाननी करूं.

प्रथम चांदमिनार. सुमारे 210 फूट उंचीचा हा मनोरा बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमद याच्या कारकीर्दींतला असून तेथील फारसी लेखांत हिजरी 849, म्हणजे इ. स. 1445-46, हा काल दिला आहे. यादवांचें राज्य त्यापूर्वीं सव्वाशें वर्षें लयास गेलें होतें. तेव्हां यादवांच्या राजोत्सवाशीं त्याचा संबंध जोडणें हा उघड कालविपर्यास होय.

आतां शास्त्राकडे वळूं. उंच स्तंभावर लावावयाचा आकाशदीप निबंधकारांस परिचित आहे. 1612 सालच्या निर्णयसिंधूंत त्याचा विचार कार्तिककृत्यांत आला आहे. तो देवतोद्देशानें करावयाचा दीपदानविधि होय. राजाच्या तिथीशीं त्याचा संबंध नाहीं. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. निर्णयसिंधुकार कमलाकरभट्ट हे मूळच्या पैठणच्या भट्टघराण्यांतले, आणि शिवराज्याभिषेकाचे आचार्य गागाभट्ट हे त्यांचे पुतणे. म्हणजे ज्या घराण्यानें महाराजांस अभिषेक केला, त्याच घराण्याच्या ग्रंथांत आकाशदीप हें कार्तिकांतलें व्रत म्हणून सांगितलें आहे. राजधर्मावरील निबंधांत प्रतिसंवत्सर अभिषेकाचें प्रकरण आहे खरें, पण त्याचा भर स्नान, होम, पूजा व दान यांवर आहे. नीराजनविधींत ज्योति आहे. तथापि तो आश्विनांतला, अश्व, गज व शस्त्रें यांचा विधि होय. एका ‘दीप’ शब्दावरून या तिन्हींची मोट बांधणें योग्य नव्हे.

मोगलांकडे पाहावें तर अबुल फझलानें ऐन-इ-अकबरींत ‘आकासदिया’ वर्णिला आहे : दरबारासमोर चाळीस गजांहून उंच खांब, त्यास सोळा दोरांचा ताण, आणि माथ्यावर मोठा कंदील. नांव आपलें आहे. प्रयोजन मात्र दुरून येणारास बादशाही तळ ओळखतां यावा एवढेंच. जुलूसाच्या, म्हणजे राज्यारोहणाच्या, वाढदिवसाचा समारंभ मोगलांत होता, हें निर्विवाद. 1659 सालीं औरंगजेबाच्या दुसऱ्या राज्यारोहणप्रसंगीं रोषणाईही झाली. परंतु त्याच बादशहानें आपल्या कारकीर्दीच्या एकविसाव्या वर्षीं, 1677 च्या सुमारास, हे वार्षिक समारंभ बंद केले. पुढें 1682 सालीं तो औरंगाबादेस आला आणि 1707 सालीं मरण पावेपर्यंत दक्षिणेंतच राहिला. तेव्हां आजच्या छत्रपती संभाजीनगरांत त्या पंचवीस वर्षांतली जुलूसाची रोषणाई शोधूं जाणारानें आधीं या मनाईचा उलगडा केला पाहिजे.

मराठ्यांच्या इतिहासांत शिखरावरील जाळाचें एक ठळक उदाहरण आहे. 1670 सालीं सिंहगड घेतल्यावर मावळ्यांनीं पागेचीं घरें पेटविलीं व तो उजेड राजगडावर महाराजांनीं पाहिला, असें सभासद सांगतो. परंतु ती फत्तेची खूण होती, वार्षिक उत्सव नव्हे. राज्याभिषेकसमयीं गडोगडीं तोफांची सरबत्ती झाल्याचें जदुनाथ सरकार यांनीं लिहिलें आहे. म्हणजे गडांनीं वर्दी दिली ती नादानें. त्या तिथीची खरी वार्षिक स्मृति राज्याभिषेक शकांत आहे, आणि तो शक दिव्यांनीं नव्हे, कागदांनीं जपला.

मग टेकड्याटेकड्यांवर राजतिथीस आगट्या पेटविण्याची कल्पना आली कोठून? इंग्लंडांत असे जाळ मूळ शत्रूच्या आगमनाची सूचना देण्यासाठीं असत. 1588 सालीं स्पॅनिश आरमार आलें तेव्हां ते पेटले होते. पुढें तेच राजघराण्याच्या उत्सवांचें अंग झाले. व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाच्या रात्रीं, 22 जून 1897 रोजीं, पुण्याच्या टेकड्यांवर असे जाळ पेटले होते. त्याच रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनीं रँडवर गोळी झाडली. दामोदर चापेकरांच्या आत्मवृत्तांत त्या जाळांचा उल्लेख आहे. जी चाल आपण शिवकालाची म्हणून मिरवतों तिचा आपल्याकडील ठळक दाखला परक्या राणीच्या उत्सवाचा निघावा, हा दैवदुर्विलास विचार करण्याजोगा आहे.

यावर कोणी म्हणेल, मग आज गडावर मशाल पेटवूं नये कीं काय? खुशाल पेटवावी. गडावरून शिवज्योत घेऊन गांवाकडे धांवत जाणाऱ्या तरुणांची श्रद्धा प्राचीनतेच्या दाखल्यावांचूनही आदरणीयच आहे. नव्या प्रघातास जुनेपणाचा खोटा मुलामा देणें मात्र इतिहासाशीं प्रतारणा होय; आणि महाराजांच्या नांवानें तर ती मुळींच होतां कामा नये.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. आपल्या रुमालांत किल्ल्यांचे जमाखर्च असतील तर त्यांतील तेल, वाती व मशालजी यांच्या रकमा तिथीसह तपासाव्या. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस राज्याभिषेकानिमित्त गडावर दीप लाविल्याची एक जरी अस्सल नोंद निघाली, तरी प्रस्तुत लेखक आपलें मत आनंदानें मागें घेईल. तोंपर्यंत ही समजूत अप्रमाणच मानली पाहिजे.