कॅमेऱ्याचे शिलेदार

मराठ्यांच्या फौजेत घोडेस्वार दोन प्रकारचे असत. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदार आपला घोडा व आपली हत्यारे घेऊन चाकरीस उभा राही. लढाईत बारगिराचा घोडा पडला तर नुकसान सरकारचे, शिलेदाराचा पडला तर त्याच्या घरादाराचे. इंग्रजीतला ‘फ्रीलान्स’ हा शब्द वॉल्टर स्कॉटच्या १८१९ सालच्या ‘आयव्हॅन्हो’ कादंबरीमुळे रूढ झाला. त्याचा मूळ अर्थही असाच आहे : कोणा एका धन्याला बांधला न गेलेला भालाईत. आजचा फ्रीलान्स छायाचित्रकार हा आपल्या शिलेदाराचाच वंशज म्हटला पाहिजे. कॅमेरा त्याचा, भिंगे त्याची, गाडीभाडे त्याचे, आणि पावसात यंत्र भिजले तर हळहळही त्याची एकट्याचीच.

कवितेचे परीक्षण करताना कवीच्या पोटापाण्याची चौकशी आपण केली नाही तरी फारसे बिघडत नाही. कागद आणि लेखणी गरिबालाही परवडते. छायाचित्राचे तसे नाही. ते काढायला किती दिवस मिळाले, भाडे कोणी भरले, पैसे कोण देणार होते, हे सारे चित्रात उतरते. म्हणून छायाचित्राची परीक्षा करणाऱ्याने आधी छायाचित्रकाराच्या जमाखर्चाच्या वहीत डोकावावे, असे माझे नम्र मत आहे. कलेच्या गप्पांत वहीचे नाव काढणे पुष्कळांना अरसिकपणाचे वाटेल, वाटू द्यावे.

उदाहरण आमच्या दारचेच घेतो. माणिकगडच्या पहाडावर, जिवतीच्या आसपासच्या गोंड गुड्यांतून दिवाळीत दंडारी निघते. मोरपिसांचा भला थोर टोप, अंगाला राख, खांद्यावरून कातडे, असा घुसाडी नाचू लागला की पाहणाऱ्याची नजर ठरत नाही. या दिवसांत शहरांतून छायाचित्रकार येतात. त्यांची चित्रे मी कौतुकाने पाहत आलो आहे, आणि दर वर्षी मला तेच एक चित्र पुन्हा पाहिल्यासारखे वाटते : टोप, राखेने माखलेला चेहरा, मागे मावळता सूर्य. पाहुण्या दंडारीला यजमान गाव जेवू घालते, ती चूल या चित्रांत नसते. टोपाचे ओझे उतरवून कोपऱ्यात टेकलेला माणूस नसतो. दुसऱ्या दिवशी तोच माणूस कापसाच्या शेतात उभा असतो, तोही नसतो.

याचा दोष मी त्यांच्या दृष्टीला देत नाही. गावात त्यांना मिळतात दोन दिवस. चित्र विकले गेले तर पैसे, आणि विकले जाते ते मोरपीस. घोडा आपला असला की शिलेदार तो राखून लढतो. तद्वत् फ्रीलान्स छायाचित्रकार हमखास विकले जाणारे चित्र आधी काढतो आणि तेवढ्यात उजेड संपतो. हे त्याचे भित्रेपण नव्हे, त्याचे गणित आहे. पण गणिताने काढलेल्या चित्राला आपण संस्कृतीचे दर्शन म्हणू लागलो, तर ती आपली फसवणूक ठरेल.

पटत नसेल तर एका बारगिराचे काम पाहा. राजुऱ्याचा हा सारा मुलूख १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्याच जिल्ह्यात, आज तेलंगणात असलेल्या मारलवाई गावी, १९४० नंतरच्या दशकात ख्रिस्तोफ फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियात जन्मलेला मानववंशशास्त्रज्ञ झोपडी बांधून राहिला. पुढे तो निजाम सरकारचा आदिवासींविषयीचा सल्लागारही झाला. त्याने काढलेली छायाचित्रे लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत जपून ठेवलेली आहेत. उत्सवाबरोबर रोजचे जिणेही त्याला टिपता आले; कारण उद्या कोणते चित्र विकायचे याची चिंता त्याला नव्हती. छायाचित्रकार म्हणून तो आमच्या पाहुण्यांहून श्रेष्ठ होता असे मुळीच नाही. त्याला मुक्काम परवडत होता, एवढेच.

मग शिलेदाराच्या हातून मोठे काम होतच नाही काय? होते, पण त्याची किंमत तो स्वतः मोजतो. संदेश भंडारे यांचे ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे पुस्तक या शतकाच्या पहिल्या दशकात लोकवाङ्मय गृहाने काढले. भंडारे फ्रीलान्स छायाचित्रकार. तमाशाचे चित्र म्हटले की नऊवारी आणि गिरकी, हा ठरलेला माल. भंडारे फडांमागे हिंडले आणि त्यांनी बोर्डावरच्या लावणीइतकेच बोर्डामागचे जिणे पाहिले. या पुस्तकाचा मोठेपणा माझ्या मते चित्रांच्या देखणेपणात कमी आणि त्यांमागच्या मुक्कामात जास्त आहे. येथे शिलेदाराने घोडा राखला नाही.

आणि तालुक्याच्या गावातला फोटोवाला? त्याला तर कोणी कलावंतांत मोजतच नाही. लग्नसराईत विसार घेऊन रात्र रात्र जागायचे, एरवी अर्जावरचे फोटो काढायचे, गेलेल्या आजीचा जुन्या घोळक्यातला चेहरा वेगळा काढून मोठा करून द्यायचा. आधार केंद्रात कॅमेरा बसला, घरोघर मोबाइल आला, तसतसा अर्जांचा धंदा आटला. तरीही बारसे, साखरपुडा, सत्यनारायण यांतून एका गावाची पन्नास वर्षे कोणी टिपली असतील तर त्यानेच. त्याला मुक्काम विकत घ्यावा लागत नाही. तो तिथलाच असतो. टीकाकारांनी त्याच्या पेट्या कधी उघडून पाहिल्या नाहीत, आणि वाळवीने मात्र पाहिल्या.

कायदाही त्याच्या बाजूला अर्धाच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता तो काढणारा. पण कोणी पैसे देऊन सांगितल्यावरून काढले असेल, आणि उलट करार नसेल, तर पहिली मालकी पैसे देणाराची. २०१२ च्या दुरुस्तीने छायाचित्रांच्या हक्काची मुदत कर्त्याच्या हयातीनंतर साठ वर्षे अशी लेखकांच्या बरोबरीची झाली. मालकी गेली तरी ‘हे मी काढले’ असे सांगण्याचा अधिकार कर्त्याकडे उरतोच. तो देण्यास खर्च एका ओळीचा येतो. तेवढीही ओळ आमची नियतकालिके पुष्कळदा वाचवतात. अंकात लेखकाचे नाव ठळक, जाहिरातदाराचे त्याहून ठळक, आणि लेखाशेजारच्या चित्राखाली ‘संग्रहातून’! कोणाच्या संग्रहातून, बाबांनो?

वाचकहो, फराळाचे ताट बाजूला सरले की घरातला लग्नाचा आल्बम एकदा खाली काढा. नवरानवरी तर तुम्ही पाहालच. त्याबरोबर मांडवाच्या खांबाशी उभी असलेली, आता हयात नसलेली माणसेही पाहा. ती त्या चौकटीत यावीत म्हणून कोणीतरी दोन पावले मागे सरकले होते. आल्बमच्या मलपृष्ठावर बहुधा एक शिक्का असेल. त्यावरचे नाव मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. आणि पुढचा आल्बम करवून घेताना त्याच्याशी घासाघीस जरा कमी करा. समीक्षेला पुढचे काम मग सोपे जाईल.