सतार काढून घेतली तर काय उरतं? अमान्सिओ डिसिल्वा यांच्या ध्वनिमुद्रिकांबद्दल



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस सोलापुरात बसून जॅझ गिटारवर काय बोलणार, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर दिसतोय. तो रास्त आहे. पण आजचा प्रश्न मुळात तत्त्वज्ञानाचाच आहे. दोन वेगळ्या गोष्टी एकत्र येतात तेव्हा त्यांच्यातला संबंध कोणत्या प्रकारचा असतो? त्या नुसत्या शेजारी बसतात, की त्यांच्यातून तिसरं काही निर्माण होतं? ‘फ्यूजन’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. मंचावर एक सतार आणि एक ड्रमसेट दिसला की झालं फ्यूजन! हे असं चालेल का, ते आज एका माणसाच्या कामातून तपासू या.

तो माणूस म्हणजे अमान्सिओ डिसिल्वा. जन्म 1936 चा, मुंबईतला, घराणं गोव्याचं. घराणं म्हणजे कुटुंब हो, गायकीचं नव्हे! मुंबईच्या जॅझ जगात वाढलेला हा गिटारवादक 1967 मध्ये लंडनला गेला. पुढच्या पाच-सहा वर्षांत त्यांनी जे ध्वनिमुद्रित केलं, त्यावर त्यांचं आजचं नाव उभं आहे. 1996 मध्ये ते लंडनमध्येच वारले.

ज्या गोवेकर वादकांच्या परंपरेतून ते आले, तिचे उपकार आपल्या कानांवर आहेत, पण आपल्या लेखी नाहीत. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेली ही माणसं मुंबईत आली. रात्री हॉटेलांत जॅझ वाजवायची आणि दिवसा चित्रपटांच्या वाद्यवृंदात बसायची. सेबॅस्टियन डिसूझा, चिक चॉकलेट, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली नावं. गोन्साल्विसांनी तर राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांची सांगड घालण्याचा ध्यास घेतला होता. मराठीतली संगीतसमीक्षा मात्र घराण्यांभोवती वाढली. वामनराव देशपांड्यांचं ‘घरंदाज गायकी’ 1961 चं. मोठं पुस्तक आहे, मी ते पुन्हा पुन्हा वाचलंय. पण ज्याला घराणंच नाही, त्याला त्या नकाशावर कुठं बसवायचं? डिसिल्वांसारखा माणूस तिथं दिसतच नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. न्याय-वैशेषिकांनी संबंधाचे दोन प्रकार नीट वेगळे केले आहेत. एक संयोग. टेबलावर पुस्तक ठेवलं, हा संयोग. पुस्तक उचललं, संबंध संपला. दोघांचंही काही बिघडलं नाही. दुसरा समवाय. हा न तुटणारा संबंध. त्याचं त्यांनी दिलेलं ठरलेलं उदाहरण म्हणजे तंतू आणि पट, सूत आणि कापड. गिरण्यांच्या आणि मागांच्या या गावात हे उदाहरण मला समजावून सांगावं लागू नये! कापड सुतात समवायानं राहतं. सूत काढून घ्या आणि कापड तेवढं ठेवा, असं म्हणता येत नाही.

हा भेद हातात धरून 1960 च्या दशकातल्या लंडनकडे पाहू. तिथं डिसिल्वा पोचण्याआधीच एक मोठा प्रयोग झाला होता. कलकत्त्याचे जॉन मेयर आणि जमैकाहून आलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी 1966 मध्ये ‘इंडो-जॅझ स्वीट’ ही रेकॉर्ड केली. पाठोपाठ ‘इंडो-जॅझ फ्यूजन्स’ आली. या संचाचं नावच ‘डबल क्विंटेट’, म्हणजे जोडपंचक. पाच जण जॅझचे आणि दुसऱ्या बाजूला सतार, तबला, तंबोरा यांच्यासह मेयर यांचा गट. सतारीवर दिवाण मोतिहार आणि तबल्यावर आपले केशव साठे. साठ्यांचंही नाव आपल्याकडे क्वचितच निघतं. 1967 मध्ये जर्मनीत निघालेल्या ‘जॅझ मीट्स इंडिया’ या रेकॉर्डवरही तबला त्यांचाच आहे.

मेयर यांच्या रेकॉर्ड्स मी आदरानं ऐकतो. पण ऐकताना जाणवतं ते असं की एक पंचक बोलतं, मग दुसरं बोलतं. सतार येते तेव्हा आपण म्हणतो, ‘हा भारत’. सॅक्सोफोन आला की म्हणतो, ‘हे जॅझ’. सांधा कानाला लागतो. हा संयोग आहे.

आणि मग 1969 मध्ये डिसिल्वांच्या दोन रेकॉर्ड्स येतात. निर्माते तेच, डेनिस प्रेस्टन. पहिली ‘इंटिग्रेशन’. तिच्यावर कोण आहे पाहा. डॉन रेंडेल सॅक्सोफोनवर, इयन कार ट्रम्पेटवर, डेव्ह ग्रीन बासवर, ट्रेव्हर टॉमकिन्स ड्रम्सवर आणि गिटारवर डिसिल्वा. दुसरी ‘हम दोनो’. नाव आपल्या देव आनंदच्या चित्रपटाचंच. तिच्यात जो हॅरियट आणि डिसिल्वा हे दोघं, सोबत कार, ग्रीन, ड्रम्सवर ब्रायन स्प्रिंग आणि नॉर्मा विन्स्टन यांचा शब्दांवाचून गाणारा आवाज.

काय नाही ते लक्षात आलं का? सतार नाही. तबला नाही. तंबोरा नाही. एकही भारतीय वाद्य नाही. आणि तरीही या दोन रेकॉर्ड्स मला मेयर यांच्या रेकॉर्ड्सपेक्षा अधिक भारतीय वाटतात. का वाटतात, हे सांगितल्याशिवाय समीक्षकाला सुट्टी नाही.

आणखी एक वाद्य त्यांत नाही, पियानो. रेंडेल-कार यांच्या नेहमीच्या पंचकात पियानो असतो. इथं त्या जागी गिटार आली. पियानो सतत स्वरसंगती देत राहतो, पायाखालची जमीन बदलत राहतो. रागाला हे मानवत नाही. रागात षड्ज हलत नाही. तो हलला तर बाकीच्या स्वरांचे अर्थच बदलतात. पियानो गेला की जमीन थोडी स्थिर होते. जॅझमध्येही हे अगदी परकं नव्हतं. माइल्स डेव्हिसनं 1959 च्या ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये एकाच स्वरसप्तकावर बराच वेळ थांबून वाजवण्याची वाट रुळवली होती. तेव्हा डिसिल्वांना दोन परंपरा दोरीनं बांधाव्या लागल्या नाहीत. जिथं दोघींची जमीन आधीच एक होती, तिथं ते उभे राहिले.

दुसरी गोष्ट वाद्याची. सतारीचे पडदे सरकवता येतात, वक्र असतात, तार ओढून त्याच पडद्यावर कितीतरी स्वर काढता येतात. गिटारचे पडदे ठोकून बसवलेले. सतारीची मींड तिच्यावर तशीच्या तशी येणार नाही. डिसिल्वा ती आणण्याचा आटापिटा करत नाहीत. त्यांचा भारत स्वर वाकवण्यापेक्षा स्वरवाक्याच्या चालण्यात आहे. एखाद्या छोट्या स्वरसमूहाकडे परत परत यायचं, दर वेळी थोडं पुढं जायचं. याला आपण बढत म्हणतो. ‘जयपूर’ ही त्यांची रचना दोन्ही रेकॉर्ड्सवर आहे. (मराठी श्रोत्याला जयपूर म्हटलं की अल्लादिया खाँसाहेब आठवतात, इथं तसं काही नाही!) एकाच वर्षात तीच रचना दोन वेगळ्या संचांनी वाजवली. दोन्ही शेजारी ठेवून ऐका. माणसं बदलली, रंग बदलला, रचनेचं हाड तेच राहिलं. ते हाड कुठल्या वाद्यावर अवलंबून नव्हतं, हाच त्याचा पुरावा.

आता उलट बाजू. 1971 च्या ‘रिफ्लेक्शन्स’मध्ये गिटार गोड आहे, पण धोका कुठंच नाही. 1972 मध्ये ‘कॉस्मिक आय’ या नावानं ‘ड्रीम सिक्वेन्स’ आली. तिच्यात सतार-तबला परत आले. ती अनेकांना फार आवडते. मला तिच्यात काही जागी धुपाचा वास येतो. त्या काळच्या लंडनला जो भारत हवा होता, तो थोडासा पुरवल्यासारखा वाटतो. शीर्षकांबद्दलही हे म्हणता येईल. ‘गंगा’, ‘महाराणी’, ‘जयपूर’. मुंबईच्या गोवेकर ख्रिस्ती माणसाचा हा भारत, की पोस्टकार्डावरचा? पण त्याच ‘इंटिग्रेशन’मध्ये ‘जॉइस कंट्री’ आहे. तो आयर्लंडमधला एक भाग, आणि जॉइस हे त्यांच्या पत्नीचं नाव. ‘हम दोनो’त ‘बॅलड फॉर गोवा’ आहे, मुलाच्या नावाचं ‘स्टेफानोज् डान्स’ आहे. पोस्टकार्डाच्या मागच्या बाजूला घरचा मजकूर आहे.

आणि ‘कोकण डान्स’? ती 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ध्वनिमुद्रित झाली आणि बाजारात आली 2006 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. तीसेक वर्षं कोकणच्या नावाचं संगीत लंडनमध्ये पडून होतं आणि कोकणात, मुंबईत कुणी विचारलं नाही. अशी माणसं दोन्हीकडून सुटतात. रागवाले म्हणतात, हा राग नव्हे. जॅझवाले म्हणतात, हा आपल्याकडचा पाहुणा. दोघंही शुद्धतेचा काटा घेऊन बसलेले, आणि कापड काही सुताच्या वजनावरून ओळखता येत नाही.

मेयर यांच्यावर मात्र माझ्याकडून अन्याय होऊ नये. नैयायिक पुढं असंही सांगतात की तंतू हे कापडाचं समवायी कारण, पण तंतूंचा संयोग हे असमवायी कारण. म्हणजे सूत शेजारी आणल्याशिवाय कापड होतच नाही. जो हॅरियट मेयर यांच्याबरोबर तीन वर्षं दोन परंपरा शेजारी ठेवून वाजवत होते, म्हणून 1969 मध्ये ते डिसिल्वांबरोबर तसं वाजवू शकले, असं मला वाटतं. संयोग ही पायरी आहे. तिथंच मुक्काम केला तर चूक.

‘फ्यूजन’ म्हणजे वितळणं. वितळल्यावर धातूंची ओळख जाते. कापडात सूत सूतच राहतं, तरी कापड नवं असतं. डिसिल्वांनी रेकॉर्डला ‘इंटिग्रेशन’ नाव दिलं, ते मला अधिक नेमकं वाटतं. आपली सोलापुरी चादर पाहा. नक्षी छापलेली असती तर एकाच बाजूला दिसली असती. ती विणलेली आहे, म्हणून उलटी केली तरी दिसते, रंगांची फक्त अदलाबदल होते.

तेव्हा एक साधी कसोटी सुचवतो. पुढच्या वेळी कुणी फ्यूजन म्हणून काही ऐकवलं, तर मनातल्या मनात सतार आणि तबला काढून टाका. भारत उरतो का, ते पाहा. मग ड्रम्स आणि गिटार काढा, जॅझ उरतं का, ते पाहा. काहीच उरलं नाही तर ती छापील नक्षी. घरी गेल्यावर आधी ‘इंडो-जॅझ स्वीट’ ऐका, मग ‘इंटिग्रेशन’, मग ‘हम दोनो’. याच क्रमानं. मी म्हणतो ते पटलं नाही तर पुढच्या व्याख्यानाला येऊन भांडा. त्यासाठी वेळ राखून ठेवतो.