ग्राफ्ट धरलं, म्हणजे यश?

पापणीवरच्या स्किन ग्राफ्टचा पेपर हातात आला की आधी बघा: 'यश' कशाला म्हटलंय? ग्राफ्ट जगलं, एवढंच असेल तर सावध व्हा. पहिले एक-दोन दिवस ते खालच्या द्रवावर तगतं, मग रक्तवाहिन्या जोडल्या जातात. खाली रक्त साचलं तर जोडणीच अडते. हे आठवड्याभरात कळतं. आकसणं मात्र महिनोन् महिने चालतं. पातळ ग्राफ्ट जास्त आकसतं, म्हणून इथे शक्यतो पूर्ण जाडीची त्वचा घेतात, उदाहरणार्थ कानामागची. पापणी बाहेर वळली, डोळा नीट मिटेना, तर जगलेलं ग्राफ्टही फसलंच ना? त्यामुळे 'धूम्रपानाचा परिणाम नाही' असा निष्कर्ष दिसला, तर फॉलोअप किती महिन्यांचा आणि डोळा मिटतो का हे मोजलंय का, ते तपासा.